दर्शनी किंमतीचें रुप्याचें नाणें

दर्शनी किंमतीस मिळणारें रुप्याचें नाणें घ्यावें काय, असें संग्राहक मंडळी आम्हांस विचारितात. आमचें उत्तर इतकेंच कीं, आधीं साल पहावें. इ. स. 1835 च्या कायद्यानें कंपनीचा रुपया 180 ग्रेन, म्हणजे एक तोळा, ठरला. त्यांत बारांपैकीं अकरा हिस्से निखळ रुपें असे. 1893 पर्यंत टांकसाळ खुली होती. कोणीही रुपें नेऊन रुपये पाडून घेई. सबब शिक्का व धातु यांत फारसें अंतर पडत नसे. त्या सालीं ती वाट बंद झाली आणि पुढें रुपया आंतील रुप्याहून महाग ठरला. पहिल्या महायुद्धांत रुपें वधारतांच उलट प्रकार झाला व 1917 त नाणीं वितळविण्यास सरकारास मनाई करावी लागली. 1940 त रुपें निम्म्यावर आलें, 1947 त निकेल आलें. अक्षरें तींच, वस्तु मात्र निराळी.

म्हणून 1940 पूर्वींचा कलदार आज कोणी एका रुपयास देऊं लागल्यास हर्षापूर्वीं शंका यावी. कांट्यावर तोलावा, नाद ऐकावा. खरा ठरल्यास अवश्य घ्यावा, पण कोठें व कोणत्या नाण्यांसह सांपडला तें प्रथम टिपून ठेवावें. रुप्याचा भाव पुन्हां येईल. विस्कटलेल्या ठेव्याचा इतिहास येणार नाहीं.