आजाऱ्याच्या मांडीवर

दत्तक घेण्याला आपल्याकडे ‘मांडीवर घेणे’ म्हणतात. शब्द मोठा गोड आहे. पण इतिहासाची पाने चाळू लागले म्हणजे दिसते की ही मांडी पुष्कळदा आजाऱ्याची असे. धडधाकट राजाला दत्तकाची घाई नसे. आज ना उद्या पोटी मूल होईल, ही आशा सुटत नसे. वैद्याने मान हलविली की मग वाड्यात धावपळ उडे, आणि भाऊबंदांतले एखादे पोर न्हाऊमाखू घालून बिछान्याजवळ आणले जाई. आजारी माणसाने मूल मांडीवर घ्यावे की नाही, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. आणि मूल परदेशी जायचे असले तर आता दोन देशांची सरकारे तो विचारतात. म्हणून त्याची थोडी पूर्वपीठिका वाचकांपुढे ठेवतो.

साताऱ्याचे शहाजीराजे ऊर्फ अप्पासाहेब ५ एप्रिल १८४८ रोजी वारले. मृत्यूच्या काही तास आधी त्यांनी मुलगा दत्तक घेतला होता. शास्त्राच्या दृष्टीने त्यात काही उणे नव्हते. पण कंपनी सरकारची संमती नव्हती, एवढे निमित्त गव्हर्नर जनरल डलहौसीला पुरले. १८४९ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले.

पाच वर्षांनी झाशीला तोच प्रकार. गंगाधरराव नेवाळकरांचा मुलगा तान्हेपणीच गेला होता, आणि ते स्वतः दुखण्याने अंथरुणाला खिळले होते. २० नोव्हेंबर १८५३ रोजी त्यांनी नात्यातल्या वासुदेवराव नेवाळकरांचा आनंदराव हा लहानगा मुलगा दत्तक घेतला व त्याचे नाव दामोदरराव ठेवले. साताऱ्याचा अनुभव ताजा होता, म्हणून इंग्रज अधिकाऱ्याला समोर बसवून विधी केला आणि मुलाचा सांभाळ व्हावा अशी विनंती लिहून त्याच्या हाती दिली. दुसऱ्याच दिवशी गंगाधरराव गेले. त्या कागदाला कंपनीने काय किंमत दिली, ते सर्वांना ठाऊक आहे.

चिंचवडच्या शाळेत हा धडा मी पुष्कळ वर्षे शिकवीत आलो आहे. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, राणी लढली ते कळलं, पण त्या मुलाचं पुढं काय झालं?” पाठ्यपुस्तक तिथे गप्प बसते. राणी जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरला पडली. दामोदरराव मोजक्या इमानी माणसांबरोबर रानोमाळ फिरला, पुढे इंदूरला राहिला आणि १९०६ मध्ये तिथेच वारला. झाशी त्याला परत मिळाली नाही. गादीला वारस हवा, पितरांना पिंड हवा, म्हणून त्याला मांडीवर घेतले होते. बापाच्या मागे या पोराचे कोण, हा प्रश्न त्या गर्दीत मागेच राहिला. त्या मुलीने तो विचारला, याचे मला अजून कौतुक वाटते.

त्याच शतकात आमच्या पुण्याने दत्तकाचा वेगळा नमुना दाखविला. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, आणि पुढे एका विधवेच्या पोटी जन्मलेला यशवंत आपला मुलगा केला. इथे गादी नव्हती आणि पिंडाचा हट्टही नव्हता. मूल जगावे, शिकावे, एवढाच हेतू. १८८७ मध्ये जोतीरावांनी मृत्युपत्र करून यशवंताची व्यवस्था लावली. पुढच्याच वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, तेव्हा डाव्या हाताने लिहून त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तक पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. अंत्ययात्रेत भाऊबंदांनी यशवंताच्या हक्काला हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाईंनी पुढे होऊन टिटवे हाती धरले. यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात मायलेक दोघेही रोग्यांच्या सेवेत होती, आणि त्याच साथीत १० मार्चला सावित्रीबाई गेल्या.

झाशीचा आणि पुण्याचा फरक बापाच्या प्रकृतीत शोधू नये. आजार दोन्ही घरांत शिरला. झाशीच्या मुलाचे सारे भवितव्य परक्या सरकारच्या मर्जीवर टांगलेले होते. यशवंताच्या मागे शिक्षण होते, मृत्युपत्र होते, आणि लोकांसमोर त्याची बाजू घेणारी आई होती.

स्वराज्यात १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा आला. त्याने मुलगीही दत्तक घेण्याची सोय झाली. परदेशी जोडप्यांना मात्र १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली पालकत्व घेऊन मूल आपल्या देशी न्यावे लागे. त्या काळात ससून रुग्णालयातल्या श्रीवत्स या संस्थेतून, १३ ऑगस्ट १९७९ रोजी पुण्यात जन्मलेली एक मुलगी परदेशी गेली. तीच लिसा स्थळेकर. ऑस्ट्रेलियाच्या संघातून खेळताना एकदिवसीय सामन्यांत हजार धावा आणि शंभर बळी पुरे करणारी ती पहिली स्त्री. २०१३ मध्ये मुंबईला विश्वचषक जिंकून तिने खेळाला निरोप दिला.

पण प्रत्येक मूल असे सुखरूप पोहोचते, याची शाश्वती कोण देणार? लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी परदेशी दत्तकांतल्या गैरप्रकारांविषयी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. तेच अर्ज म्हणून दाखल झाले, आणि ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्यायमूर्ती भगवती यांनी निकाल दिला. मुलासाठी आधी देशात घर शोधावे, आणि परदेशी पालकांच्या घराची, मिळकतीची व प्रकृतीची चौकशी करूनच मूल द्यावे, असे ठरले. १९९० मध्ये केंद्रीय दत्तक संस्था स्थापन झाली. १९९३ चा हेगचा आंतरराष्ट्रीय करार भारताने २००३ मध्ये मान्य केला. प्रश्न उलटा झाला तो इथे. पूर्वी पालकाला मूल हवे म्हणून मूल शोधीत. आता मुलाला घर हवे म्हणून पालक पारखतात.

मग आजारी पालकाचे काय? २०२२ च्या नियमावलीत पालकाला जिवावर बेतणारा आजार नसावा, असे म्हटले आहे. कागदपत्रांच्या यादीत मात्र डॉक्टरांचा जो दाखला मागतात, त्यात जुनाट, सांसर्गिक वा प्राणघातक रोग नाही आणि पालक दत्तक घेण्यास योग्य आहे, असे लिहून हवे असते. ‘जिवावर बेतणारा’ आणि ‘जुनाट’ या दोन शब्दांत केवढे अंतर आहे, ते आमच्या पिंपरीकरांना सांगायला नको. १९५४ मध्ये इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा त्याला हात होता. तिथले पेनिसिलिन घरोघर गेले. अशा औषधांनी किती दुखणी मृत्यूच्या यादीतून निघून नुसती पथ्याची झाली! आज भोसरीपासून चाकणपर्यंत कारखान्याच्या पाळीला निघालेल्या माणसांत कितीतरी मधुमेही आहेत, दमेकरी आहेत. डब्याबरोबर गोळी घेतात आणि पोरांची लग्ने लावून देतात.

म्हणून मला वाटते, जुनाट आजार या शब्दापाशीच दार लावू नये; आणि मायेच्या भरात डोळे झाकून ते उघडूही नये. माणूस पाहावा, दुखणे किती आवाक्यात आहे ते पाहावे. एकट्या पालकाकडून नातलगाची लेखी हमी घेण्याची पद्धत आहे. तशी हमी आजारी पालकाने, कोणी मागो न मागो, आपण होऊन पुढे ठेवावी. सोबत डॉक्टरांचा खरा दाखला आणि मृत्युपत्र असावे. परदेशी जाणाऱ्या मुलाला तर याची गरज अधिक; तिथे दारावर थाप मारायला त्याला ना आजोळ, ना शेजारपाजार.

नरकचतुर्दशीला पहाटे उठून मुलाला तेल चोळायला घरात कोणीतरी लागते. बापाच्याने उठवले नाही, तर आई उठेल. तिलाही बरे नसेल, तर आत्या येईल की काका? चौकशीला येणाऱ्याने हे जरूर विचारावे, आणि आजाऱ्याने त्याचे उत्तर तयार ठेवावे. त्याला घरातल्या माणसाचे नाव सांगता आले, तर मूल त्याच्या मांडीवर द्यायला हरकत नाही.