मगरीच्या नावाखाली दडलेला डायनोसॉर

केवळ दातावरून प्राण्याचे कूळ ठरवावे काय, या प्रश्नावर जीवाश्मविज्ञानाच्या इतिहासातील एक प्रकरण उद्बोधक आहे. इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात सापडलेल्या निमुळत्या, किंचित वक्र व उभे कंगोरे असलेल्या दातांना रिचर्ड ओवेन यांनी १८४१ साली ‘सुकोसॉरस’ असे नाव देऊन ते मगरीचे मानले. पुढच्याच वर्षी ‘डायनोसॉरिया’ ही संज्ञा प्रचारात आणली ती याच ओवेन यांनी. तथापि हे दात त्या गणातले असतील, अशी शंका त्यांना आली नाही.

१९८३ साली विल्यम वॉकर या हौशी संग्राहकास सरे परगण्यातील मातीच्या खाणीत एक प्रचंड नखी सापडली. तेथून निघालेल्या सांगाड्यास चॅरिग व मिलनर यांनी १९८६ साली ‘बॅरिऑनिक्स’ हे नाव दिले. त्याच्या लांबट जबड्यात तशाच घडणीचे दात होते आणि बरगड्यांच्या पोकळीत आम्लाने झिजलेले माशांचे खवले होते. सुकोसॉरस हा याच कुळातला असावा, हे त्यानंतर अभ्यासकांच्या ध्यानी आले.

दाताचा आकार आहाराची साक्ष देतो. वंशाची साक्ष तो एकटा देईलच असे नाही. निसरडे भक्ष्य पकडणाऱ्या मगरीस व डायनोसॉरास सारखेच दात लाभले. ओवेन यांचे निरीक्षण यथार्थ होते, अनुमान मात्र चुकले. ते तपासून पाहता आले, कारण मूळ दात लंडनच्या संग्रहालयात सुरक्षित होते. याउलट, श्ट्रोमर यांनी १९१५ साली वर्णिलेले ईजिप्तमधील स्पायनोसॉरसचे मूळ अवशेष १९४४ च्या बाँबहल्ल्यात म्यूनिक येथे नष्ट झाले. त्यांविषयीच्या शंकांचे निरसन आता आकृत्या व छायाचित्रे यांवरूनच करावे लागते.