मंडळीवरील ख्रिस्ताची प्रीती

ख्रिस्ती श्रद्धेतील मध्यवर्ती कल्पना. ख्रिस्त हा वर आणि श्रद्धावंतांचा समुदाय ही त्याची वधू, हे रूपक तिच्या मुळाशी आहे. मुख्य आधार पौलाच्या नावावरील इफिसकरांस पत्राचा (५:२५–३२) : ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिले, तिला पाण्याने शुद्ध केले, अंगावर डाग वा सुरकुती उरू दिली नाही. या स्नानात अनेक भाष्यकारांना नवरीचे लग्नाआधीचे न्हाण दिसते. हळद लावून मुलीला न्हाऊ घालणाऱ्या मराठी घराला ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. या रूपकाची पूर्वपीठिका जुन्या करारातील होशेयच्या ग्रंथात. परिणती प्रकटीकरणातील कोकऱ्याच्या लग्नात. इफिसकरांस पत्राच्या याच भागातील पत्नीच्या अधीनतेविषयीच्या वचनांच्या अर्थाबाबत मतभेद आहेत.

मराठी संज्ञा : मूळ ग्रीक ‘एक्लेसिया’ म्हणजे जमलेली सभा. प्रॉटेस्टंट तिला ‘मंडळी’ म्हणतात, कॅथलिक ‘ख्रिस्तसभा’. दोन्ही शब्दांत माणसे आहेत, इमारत नाही. शिवाय जुन्या मराठीत नवरा बायकोचा उल्लेख ‘आमची मंडळी’ असा करी. पौलाचे रूपक इतके अलगद सामावून घेणारा शब्द मराठीत आयताच होता.

टिळक : मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचा (१८६१–१९१९) बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. त्यांनी ख्रिस्ताला गुरुमाउली म्हटले. वारकऱ्यांच्या विठाईच्या वाटेने आलेले हे आईपण त्यांच्या भक्तीत वराच्या रूपकाहून अधिक उत्कट आहे. पण ‘मंडळी’चा दुसरा अर्थ त्यांच्या घरात दुखरा ठरला. पत्नी लक्ष्मीबाई सुमारे पाच वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या; मग परतल्या आणि १९०० मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेतला. त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ हा त्या ताटातुटीचा सर्वांत जिवंत दस्तऐवज होय.

गोवा : ख्रिस्ताची कथा मराठीत आणणारे जेझुइट थॉमस स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६), ओवीबद्ध.

किल्लारी : ही प्रीती मंडळीबाहेरच्यांपर्यंत पोचते का, हा प्रश्न लातूर जिल्ह्यातील या गावी उभा राहतो. तिथे ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. मदतीला आलेल्यांत कारितास इंडिया आणि कासा या ख्रिस्ती संस्थाही होत्या. ढिगाऱ्याखालची बहुतेक माणसे मंडळीबाहेरची होती. इफिसकरांस पत्रातील वचन मंडळीपुरते बोलते. म्हणून या कामाचा आधार चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात (लूक १०) शोधणे अधिक योग्य. तिथे जखमी माणसाला कोणी त्याची जात वा पंथ विचारलेला नाही.