माकुळाच्या मज्जातंतूला बूच

चपला बाजूला काढा आणि रबरी बूट घाला. आपण जिथे उतरतोय तिथली फरशी कधी कोरडी नसते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं वुड्स होल हे गाव, १९७०च्या आसपासचा जून महिना, आणि तुम्ही मरीन बायॉलॉजिकल लॅबोरेटरीत या उन्हाळ्यापुरते हरकामे आहात. पगाराचं विचारू नका.

सगळ्यात आधी नाकाला कळतं. ओहोटीचा चिखल, बोटींचं डिझेल, सिगारेटचा धूर आणि या सगळ्यावर माकुळाचा वास. कोकणातल्या बंदरावर मासळी उतरताना उभं राहिलेल्याला हा वास नवा नाही. टाक्यांतून समुद्राचं पाणी अखंड खळखळतं, त्यामुळे बोलायचं ते जरा ओरडूनच. बाहेर मार्थाज व्हिनयार्डच्या फेरीचा भोंगा वाजतो. ईल पाँडच्या काठावरच्या मनोऱ्यातून चर्चच्या घंटा घुमतात. त्या दोघींची नावं मेंडेल आणि पाश्चर आहेत. ज्या गावात घंटांनाही शास्त्रज्ञांची नावं, तिथे जिन्यात कुणाचा धक्का लागला तर तो प्राध्यापकच समजा.

टाकीत हात घाला. माकुळं सकाळच्या बोटीने आलीत आणि फार काळ टिकत नाहीत, म्हणून सगळ्यांनाच घाई. तुम्ही धरता, ते निसटतं, पुन्हा धरता, आणि थंडगार पाण्यासकट शाईची पिचकारी थेट शर्टावर. इथे अशा शर्टाकडे कुणी वळूनही पाहत नाही.

डोकं एका कापात वेगळं करा, अंग उभं चिरून काचेवर पसरा, खालून दिवा लावा. डोकं गेलं तरी कातडीवरचे तांबूस ठिपके फुलतायत, मिटतायत. पहिल्यांदा पाहताना पोटात कसंतरी होतं. आतड्यांचा पसारा बाजूला केलात की उजेडात एक पारदर्शक नळी दिसेल. हाच तो महाकाय अक्षतंतू. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. आपल्या अंगातले तंतू याच्या विसाव्या हिश्श्याइतकेही जाड नसतात, म्हणून तर हा सगळा खटाटोप: याच्या पोटात काचेची नळी सारता येते.

दोन्ही टोकांना दोरा बांधून तो काढा आणि सूक्ष्मदर्शकाखाली भोवतालचे बारके तंतू एकेक करून सोला. मान अवघडते. नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब लोंबतो आणि तो बशीत पडता कामा नये. या खोलीत बर्फाची सोय आहे ती फक्त त्या तंतूसाठी.

आता तारेच्या जाळीच्या पिंजऱ्यात डोकं घाला. बाहेरच्या विजेची गुणगुण आत येऊ नये म्हणून हा पिंजरा. ऑसिलोस्कोपवर हिरवी रेघ. तंतूला विजेचा धक्का द्या: रेघ उसळते आणि हजारांश सेकंदाच्या आसपास खाली येते. उसळली ती सोडियम आत शिरल्यामुळे. खाली येते त्याचं मोठं श्रेय पोटॅशियमला. तंतूच्या आत पोटॅशियम समुद्राच्या सुमारे चाळीसपट असतं. त्याचे चॅनेल, म्हणजे तंतूच्या भिंतीतली त्याची दारं, उघडले की ते बाहेर धावतं.

बाकावरच्या बरणीत पांढरे स्फटिक आहेत, टेट्राएथिलअमोनियमचे. इथे सगळे टीईए म्हणतात. झाकण लगेच लावा, ते हवेतला ओलावा ओढतात. त्याचं द्रावण काचेच्या नळीतून तंतूच्या आत सोडा आणि पुन्हा धक्का द्या. रेघ वर जाते आणि तिथेच रेंगाळते, जणू हा मज्जातंतू नसून हृदयाची पेशी आहे: टीईएने पोटॅशियमचे चॅनेल अडवलेत. तासाकी आणि हागिवारा यांनी हे १९५७ मध्येच दाखवलं होतं. गंमत म्हणजे हेच टीईए बाहेरच्या पाण्यात ओतलं तर माकुळाचा तंतू ढिम्म. बेडकाच्या मज्जातंतूवर मात्र ते बाहेरूनही चालतं. जनावरागणिक दाराची घडण निराळी.

पण टीईए नेमकं अडकतं कुठे? शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्ले आर्मस्ट्राँग यांची युक्ती मला या साऱ्या कहाणीत सर्वांत देखणी वाटते. त्यांनी टीईएची एक आखूड शाखा काढून तिथे नऊ कार्बनांची शेपटी लावली. आता व्होल्टेज एका जागी पकडून ठेवा आणि पोटॅशियमचा प्रवाह पाहा. तो नेहमीसारखा चढतो, आणि चढता चढताच कोसळतो! म्हणजे चॅनेल आधी उघडला, मगच रेणू आत शिरला. मोरीत पाणी वाहायला लागल्यावर ओढीने बूच तोंडाशी येऊन बसावं, तसं. पाण्याचं वेष्टण घेतलेला पोटॅशियम आणि टीईए यांचा आकार जवळपास सारखा, म्हणून रुंद तोंडातून दोघंही आत येतात. पुढच्या अरुंद भागात शिरताना पोटॅशियम आपलं पाणी उतरवतो. टीईएला आपल्या शाखा उतरवता येत नाहीत.

खात्री करायचीय? बाहेरच्या पाण्यात सोडियमऐवजी पोटॅशियम भरा आणि आतलं व्होल्टेज चांगलं ऋण करा. बाहेरून आत घुसणारं पोटॅशियम त्या रेणूला मागे ढकलतं आणि चॅनेल लवकर मोकळा होतो. सीझियमही आतून वाट अडवतो; तो पोटॅशियमपेक्षा किंचित जाडा. बेरियम मापाने पोटॅशियमएवढाच, पण त्याच्यावर दुप्पट भार, त्यामुळे अरुंद जागेत तो चिकटून बसतो. चॅनेल डोळ्यांनी कुणीच पाहिलेला नाही. रॉडरिक मॅकिनन या शास्त्रज्ञाने काढलेलं चॅनेलच्या रचनेचं चित्र यायला १९९८ उजाडेल, आणि त्यात आतल्या बाजूची ती रुंद पोकळी खरोखरच असेल. इथल्या मंडळींना हे आत्ताच सांगू नका, उगाच हात ढिले पडतील.

संध्याकाळी चिरलेली माकुळं उरतातच. टीईए गेलं ते फक्त काढून घेतलेल्या तंतूत, तेव्हा बिनधास्त तव्यावर टाका. मालवणी मसाला मात्र या गावात शोधू नका. लोणी आणि लिंबावर भागवा.