नवजातांची श्रवणपरीक्षा आणि भाषेचा प्रश्न

जन्मतः बहिरे असलेले मूल प्रारंभीच्या महिन्यांत इतर मुलांसारखेच रडते, हुंकार देते, हसते. ‘बाबा’, ‘दादा’ अशा जोडअक्षरी बडबडीच्या वेळीच काय तो भेद उघड होतो. ऑलर व आयलर्स यांच्या १९८८ च्या अभ्यासात ऐकू येणारी मुले सहाव्या ते दहाव्या महिन्याच्या दरम्यान ही बडबड करू लागली. बहिऱ्या मुलांपैकी कोणीही अकराव्या महिन्यापूर्वी तिला आरंभ केला नाही. ‘बोलेल उशिरा, त्याचा बापही उशिराच बोलला’ असे घरातील वडीलधारी सांगतात, ते या प्रारंभीच्या साम्यामुळेच. पाठीमागे थाळी वाजवून पाहण्याचा घरगुती उपायही फसवा ठरतो, कारण मूल हाताची सावली किंवा जमिनीचा कंप टिपून वळू शकते.

हा दोष टाळणारी शिस्तबद्ध पद्धती मँचेस्टरच्या आयरीन व अलेक्झांडर युइंग या दांपत्याने १९४४ मध्ये मांडली. मूल आईच्या मांडीवर बसवावे, समोरच्या व्यक्तीने त्याचे लक्ष वेधून घेऊन मग सैल सोडावे, आणि दुसरीने दृष्टीच्या टप्प्याबाहेरून मंद ध्वनी करावा. ब्रिटनमध्ये ही परीक्षा अनेक दशके प्रचलित होती. तथापि मान वळविता येण्याइतके, म्हणजे सात-आठ महिन्यांचे, मूल तिला आवश्यक असे.

जन्मानंतर लगेच परीक्षा घेण्याचा मोठा प्रयत्न डेन्व्हर येथे मॅरियन डाऊन्स या विदुषीने केला. निजलेल्या अर्भकाच्या कानाशी सुमारे ९० डेसिबेलचा ध्वनी करून पापणीची वा अंगाची हालचाल नोंदवावयाची, अशी ही रीत होती. तिचा प्राथमिक वृत्तांत १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु अर्भके आपोआपही चाळवतात, निरीक्षकांत मतभेद होतात, आणि मध्यम बहिरेपण असलेले मूल इतक्या मोठ्या आवाजाला प्रतिसाद देते. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतील संयुक्त समितीने १९७० मध्ये सरसकट परीक्षेची शिफारस करण्याचे नाकारले. माझ्या मते हा निर्णय योग्य होता. ‘ऐकू येते’ असा चुकीचा निर्वाळा मिळाला, तर आईच्या मनातील रास्त शंकाही दीर्घकाळ दबून राहते. त्यानंतर कुलवृत्तांत, गर्भावस्थेतील रुबेला, अत्यल्प वजन इत्यादी लक्षणांवरून मुले निवडण्यात येऊ लागली; पण सुमारे निम्मी बहिरी मुले अशा यादीबाहेरच राहत.

ही कोंडी यंत्रांनी फोडली. ध्वनी ऐकताना मस्तिष्कस्तंभात उठणाऱ्या विद्युत्प्रतिक्रियांचे ज्यूएटप्रभृतींनी १९७० च्या सुमारास वर्णन केले. कान स्वतःही क्षीण ध्वनी बाहेर टाकतो, हे डेव्हिड केंप यांनी १९७८ मध्ये लंडन येथे दाखविले. १९९३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या परिषदेने प्रत्येक अर्भकाची पहिल्या तीन महिन्यांत परीक्षा व्हावी असे सुचविले. त्यावर बेस व पॅराडाइझ यांनी १९९४ मध्ये खरमरीत आक्षेप घेतला: लवकर कळल्याने मुलाचे खरोखर हित होते, याचा पुरावा कोठे आहे?

प्रश्न मर्मभेदी होता, आणि त्याचे उत्तर यंत्रांपाशी नव्हते. कोलोराडोतील क्रिस्टीन योशिनागा-इटानो व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये १५० मुलांची भाषा तपासली; ७२ मुलांचे बहिरेपण सहा महिन्यांच्या आत ओळखले गेले होते, ७८ मुलांचे नंतर. पहिल्या गटाची भाषा स्पष्टपणे सरस आढळली, मग संवाद वाणीने होवो वा हातांच्या खुणांनी. मोजमाप मुख्यतः पालकांच्या निवेदनावर आधारलेले होते, ही मर्यादा नजरेआड करू नये. तरीही भाषाभ्यासकांना त्यातील दुसरा भाग अधिक मोलाचा वाटावा. निर्णायक गोष्ट कोणतीही एक सुलभ भाषा वेळेवर लाभणे ही दिसते.

इंग्लंडमध्ये २००६ पर्यंत नवजातांची परीक्षा सर्वत्र पोहोचली. भारतात २०१३ च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने जन्मजात बहिरेपणाचा तपासावयाच्या विकारांत समावेश केला. यंत्र निकाल देते तो ‘पास’ किंवा ‘रेफर’ असा. ‘नापास’ हा शब्द हेतुपुरस्सर टाळलेला आहे, कारण पुन्हा तपासल्यावर अशा बहुतेक अर्भकांचे कान निर्दोष आढळतात. मराठी घरात मात्र ‘रेफर केले’ म्हणजे दुखणे हाताबाहेर गेले, मोठ्या दवाखान्यात हलवावे लागले, असाच अर्थ घेतला जातो. दुसऱ्या तपासणीस कोण येते आणि कोण येत नाही, याचा विचार करताना या एका शब्दाचाही विचार व्हावयास हवा.