हृदयाचे आसन
चरकाने हृदयाला चेतनेचे अधिष्ठान मानले. ॲरिस्टॉटलनेही बुद्धीचे आसन तेथेच मांडले. १६२८ मध्ये विल्यम हार्वेने हिशेबाने दाखविले की, अर्ध्या तासात हृदयातून जाणारे रक्त सबंध देहातील रक्ताहून अधिक भरते. अर्थात तेच रक्त पुनःपुन्हा फिरत असले पाहिजे. हृदय रक्त ढकलणारा स्नायू ठरले. भाषेने मात्र ही गोष्ट फारशी मनावर घेतली नाही. आपले ‘काळीज’ तर खाटकाच्या दुकानात चक्क यकृत असते!

प्रश्न खरा बिकट झाला तो हृदयारोपणामुळे. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयारोपण केले. रुग्ण काही तासांतच दगावला. हृदय धडधडत असलेल्या दात्यास मृत म्हणण्यास तेव्हा कायद्याचा आधार नव्हता. तो १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने दिला: मस्तिष्कस्तंभ मृत झाला की मनुष्य मृत. त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदयारोपण केले. कायदा झाला खरा. परंतु मुलाची छाती हलताना दिसत असता ‘तो गेला’ हे पित्यास सांगणे त्याने सोपे झाले नाही, आणि संमतीपत्रावर सही त्या पित्यालाच करावयाची असते.