सुरगाणा, ४२२२११ : एका प्रश्नामागचा इतिहास

१/ एखाद्या ऑनलाइन दुकानातून गेल्या वर्षी नाशिक जिल्ह्यातील सुरगाण्याला किती पार्सले गेली? दुकानाच्या डेटाबेसला हा प्रश्न विचारला, की उत्तर क्षणार्धात मिळते. त्या क्षणामागे तीन स्वतंत्र इतिहास उभे आहेत.

२/ पहिला टपालाचा. पत्त्यात कोणी ‘सुरगाणा’ लिहितो, कोणी ‘सुरगणा’. यंत्राला ती दोन वेगळी गावे वाटतात. एकाच नावाची अनेक गावे, अनेक भाषा आणि लिपी, या गोंधळावर केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी व संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी पिनकोडचा तोडगा काढला. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो लागू झाला. त्यात ४२२ म्हणजे नाशिक, आणि पुढील २११ म्हणजे सुरगाण्याचे टपाल कार्यालय.

३/ दुसरा कोष्टकांचा. १९७० साली आयबीएमचे संशोधक एडगर कॉड यांनी माहिती परस्परसंबंधित कोष्टकांत मांडण्याची कल्पना मांडली. ग्राहक एका कोष्टकात, ऑर्डरी दुसऱ्यात. दोहोंना जोडणारा धागा म्हणजे ग्राहक क्रमांक. १९७४ साली डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी या कोष्टकांना प्रश्न विचारण्याची भाषा सादर केली. तीच पुढे एसक्यूएल म्हणून रूढ झाली. काय हवे ते माणसाने सांगावे. कसे शोधावे ते यंत्राने ठरवावे, हे तिचे सूत्र.

४/ तिसरा दुभाष्याचा. प्रत्येक कंपनीच्या डेटाबेसशी संपर्काची रीत निराळी होती. एकासाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यापुढे मुका ठरे. १९९२ साली मायक्रोसॉफ्टने ओडीबीसी ही सामाईक रीत आणली. १९९७ साली जावा भाषेसाठी जेडीबीसी आली. आजचा कनेक्टर याच परंपरेतला. तो प्रश्न डेटाबेसपर्यंत नेतो आणि जुळलेल्या नोंदी परत आणतो. सावध दुकानदार त्याला केवळ वाचण्याची परवानगी देतो; नोंद बदलण्याची नाही.

५/ मात्र दुभाषी नोंदलेलेच सांगू शकतो. सुरगाण्यातील ग्राहकाने नाशिकच्या नातेवाइकाच्या पत्त्यावर पार्सल मागवले, तर ती ऑर्डर नाशिकच्या खात्यात जमा होते. मग ४२२२११ समोर शून्य दिसते, आणि त्या शून्यावरून ‘येथे मागणी नाही’ असे ठरवून घरपोच सेवा नाकारली जाऊ शकते.

६/ जुने दप्तर उघडताना इतिहासकार आधी पाहतो, की नोंद कोणाची झाली आणि कोणाची राहिली. ऑर्डरींचे कोष्टक हेही एक दप्तरच आहे. ते वाचणाऱ्यालाही तीच शंका आधी यावी.